विस्तवाने दिलेला वेळ

साल दोन हजार एकेचाळीस. शिवसागरावर पाखरं उडायला लागली, त्याचं ते तिसरं वर्ष.

पाखरांच्या जमान्यात जन्मलेल्यांना आज सांगून खरं वाटत नाही, पण त्याआधी कोयनेच्या अडवलेल्या पाण्याच्या या काठावरून त्या काठाला जायचं तर लाँचशिवाय दुसरा मार्ग नव्हता. उंबरवलीच्या धक्क्यावर सकाळी माणसं येऊन बसत. कोणाच्या मांडीवर कोंबडी, कोणाच्या हातात औषधाची रिकामी बाटली. लाँच यायची तेव्हा यायची. ती येईपर्यंत लग्नं जुळत, भांडणं मिटत, एखादी म्हातारी सबंध दुपारची झोप काढून घेई. त्या वाट बघण्यालाही एक चव होती. ती चव गेली हे लोकांच्या लक्षात यायलासुद्धा बरीच वर्षं जावी लागली.

'सोनजाई' नावाची ती लाँच हणमंत संकपाळची होती. आणि पाखरं, म्हणजे माणसं वाहणारी ती चिमुकली विमानं, ज्या धातूची बनत, तो धातू बनवणाऱ्या कारखान्याची प्रमुख होती त्याची बायको, वृषाली.

गंमत अशी की वृषालीला या काठावर हणमंतानेच आणलं होतं. ती पुण्याहून धातुशास्त्र शिकून आलेली. धक्क्यापाशी छोटा कारखाना उभा राहणार होता, कारण ओढ्यावरची वीज स्वस्त होती आणि पाखरांच्या चाचण्या घ्यायला शांत, मोकळं पाणी होतं. कारखान्याचं काळीज म्हणजे तांब्याचं एक मोठं चाक. ते 'सोनजाई'वरून पलीकडून आलं. सबंध वाटभर वृषाली चाकावर हात ठेवून बसली होती, आणि हणमंत सुकाणूपाशी उभा राहून चाकाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता. उतरताना त्याने विचारलं होतं, "हे चाक फिरून करतं तरी काय?"

"घाई करतं," ती म्हणाली होती.

ते उत्तर त्याला इतकं आवडलं, की वर्षभरात लग्न झालं.

चाक खरोखर घाईच करी. मॅग्नेशियम हा मोठा हलका धातू, ॲल्युमिनियमहूनही हलका. पण त्याच्यात दोन खोडी. एक तर तो लवकर गंजतो, आणि जोर पडला की मोडतो. त्यात जस्त, कॅल्शियम असं काहीबाही मिसळून त्याला सुधारायचा प्रयत्न लोक शंभर वर्षं करत होते. अडचण यायची ती थंड होताना. वितळलेला रस साच्यात ओतला की तो सावकाश निवतो, आणि अणूंना हिंडायला भरपूर वेळ मिळतो. मग ते आपापली जात शोधत जातात. मॅग्नेशियमचे मोठमोठे कण तयार होतात, जस्त बिचारं कडेला ढकललं जातं, आणि त्या शिवेवरच पुढे गंज शिरतो, तिथूनच तडा जातो.

तांब्याचं चाक त्यांना वेळच देत नसे. भन्नाट वेगाने फिरणाऱ्या, आतून पाण्याने थंड ठेवलेल्या त्या चाकावर रसाची दोऱ्याएवढी धार पडायची, आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी गोठून जायची. जो अणू जिथे होता तिथेच थांबायचा. जस्त मॅग्नेशियमच्या पोटात राहून जायचं. कण इतके बारीक राहत की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. चाकावरून सुटायची ती चंदेरी फीत, बेगडासारखी पातळ. फितींचे तुकडे करून, न वितळवता, फक्त कोमट करून ते साताऱ्याच्या मोठ्या दाबयंत्रातून काढत, सोऱ्यातून शेव काढावी तशा नळ्या निघत. त्या नळ्या एका हाताने उचलाव्यात आणि दोन माणसांचा भार त्यांनी पेलावा. वर्षानुवर्षं ओल्या हवेत राहून त्यांच्यावर डाग पडत नसे. त्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलं, लहानशी मोटर बसवली, की झालं पाखरू.

चाक चालू असताना कारखान्यात कोणी बोलत नसे. अंधाऱ्या छपराखाली त्या फिती उडत, वळत, एकमेकींत गुंतत आणि जमिनीवर चांदण्यासारख्या साचत. वृषालीने ते हजारदा पाहिलं होतं. तरी दर वेळी तिला वाटे, हे आपल्या हातून होत नाही, आपण फक्त बघायला आल्यासारख्या इथे उभ्या आहोत.

पाखरं उडायला लागली आणि धक्का ओस पडत गेला. आधी शाळेचे मास्तर लाँच सोडून गेले, मग दवाखान्याच्या नर्सबाई, मग तर बाजाराला जाणाऱ्या बायाही. घटकाभराची वाट पाखरू चहा निवायच्या आत कापे. 'सोनजाई'त उरल्या म्हशी, सिमेंटची पोती आणि उंचीला भिणारी माणसं.

हणमंत भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त पाखराला 'तुझं पाखरू' म्हणू लागला. "तुझ्या पाखराचं कापड निघालंय बघ." "तुझं पाखरू आमच्या वाळवणावर सावली धरतंय." कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही, पाखराला बोटही लावलं नाही. घरात दोघं जेवत, झोपत, आणि मधे काहीतरी सावकाश निवत चाललं होतं.

मधे होती ती हौसाआत्या.

आत्या ही हणमंताच्या वडिलांची थोरली बहीण. अट्ठ्याऐंशी वर्षांची, पाचोळ्यासारखी हलकी. तरुणपणीच नवरा गेला तशी माहेरी परतली आणि भावाच्या पोराला तिनेच वाढवलं. पण ती ज्या घरी जन्मली ते घर हे नव्हे. ते खाली होतं, पाण्यात. धरण झालं आणि पाणी चढायला लागलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. जुनी उंबरवली नदीच्या काठी होती, नवी डोंगराच्या कुशीत आली.

उन्हाळ्याच्या शेवटी पाणी फार उतरलं होतं. एके दिवशी वृषालीने घरी येऊन सहज सांगितलं, "आत्या, आज वरून पांढरट रेघा दिसल्या पाण्यात. बांधांसारख्या. आणि एक वाट खाली उतरत गेलेली."

आत्याने हातातला लसूण खाली ठेवला. "वाटंच्या डाव्या अंगाला चौथरा हाय?"

"आहे. चौकोनी."

"देऊळ ते. वाट तशीच खाली आमच्या दारात जाती." तिने पदराला हात पुसले. हणमंत म्हणाला, "मी इतकी वर्षं त्यावरूनच ये-जा करतो, मला कधी काही दिसलं नाही."

"लाँचीतनं पाण्यात आभाळच दिसतं," आत्या म्हणाली. "तळ दिसाया वरनं बघावं लागतं. घारीनं बघावं तसं. पोरी, मला नेशील?"

वृषालीने हणमंताकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता.

"नेईन," ती म्हणाली. "पाऊस लागायच्या आधी."

पाऊस लागला की पाणी गढूळ होणार, चढणार, आणि पुढच्या उन्हाळ्याची आत्याची खात्री कोणी देत नव्हतं. तिच्या छातीत पाणी होऊ लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "यांना आता हवं ते करू द्या." त्यामुळे ते उड्डाण म्हणजे लाड नव्हता. ते एकच काम उरलं होतं, आणि त्याला मुदत होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पाखराचं उतरणं चुकलं. चालवणारा नवा होता, उजवा पंख धक्क्याच्या खांबाला घासला, आणि पंखाच्या पोटातला मुख्य दांडा वाकला. तुटला नाही, धनुष्यासारखा वाकला. काठावर दुसरं दोन बैठकींचं पाखरू नव्हतं. वृषाली नवा दांडा आणायला साताऱ्याला गेली. तिथे दाबयंत्र दुरुस्तीला उघडलेलं, दांडा पंधरवड्याशिवाय मिळणार नाही म्हणाले. ढग तर महाबळेश्वराकडून डोकावू लागले होते. दोन दिवस खटपट करून ती हात हलवत परत आली.

सकाळी एका बैठकीच्या लहान पाखरातून धक्क्यावर उतरली आणि बघते तर काय. पाखरू पाण्याच्या कडेला उभं होतं, दोन्ही पंख सरळ. मागच्या बैठकीत हौसाआत्या, इरकली लुगडं नेसून, कानात कापूस घालून, पट्टा आवळून बसलेली. आणि उजव्या पंखापाशी हणमंत उभा. त्याच्या चेहऱ्यावर एक हसू होतं, जे तांब्याचं चाक आणलं त्या दिवसानंतर वृषालीने फारसं पाहिलं नव्हतं.

"ये. कधीची बसलीय," तो म्हणाला. "ढगाच्या आधी जाऊन या."

"दांडा कोणी सरळ केला?"

"बघ तर आधी, झालाय का."

तिने डोळा लावून पाहिलं. दांडा सुतासारखा सरळ होता. कुठे चिमटा नाही, ओरखडा नाही. कोणाही कारागिराने मान डोलवावी असं काम.

"तुम्ही केलंत?"

"आणि कोण करणार? तुझी माणसं नुसती हात लावून बघत होती."

उडायच्या आधी वृषालीची एक रीत होती. साऱ्या तपासण्या झाल्या तरी ती चिंचेच्या लाकडाची एक काडी घेऊन प्रत्येक दांड्यावर हलकेच टिचकी देई आणि ऐके. माठ घेताना बायका वाजवून घेतात, तसं. बारीक कणांचा दांडा स्वच्छ वाजे आणि त्याचा सूर हवेत बराच वेळ रेंगाळे. तिने डावा दांडा वाजवला. सूर निघाला, पाण्यावरून लांब गेला, विरला.

मग उजवा वाजवला.

सूर तोच होता. पण तो गेला कुठेच नाही. निघाला आणि तिथेच बसला.

तिने पुन्हा वाजवून पाहिलं. मग काडी खाली धरून विचारलं, "कसा केलात सरळ?"

"कसा म्हणजे? वासा करतात तसा." लाँच काठावरून रेटायचे बांबूचे वासे त्या भागात सगळेच असे सरळ करत. खैराच्या निखाऱ्यावर सावकाश शेकायचे, तेल लावायचं, झाडाच्या बेचक्यात घालून वाकवायचे आणि ओल्या फडक्याने निववायचे. "पण घाई नाही केली हं. तू म्हणतेस ना, जपून लागतं याला. अख्खी दुपार धीराने शेकला. जरा म्हणून ज्वाळ लागू दिली नाही. निखारासुद्धा लांब ठेवला."

मॅग्नेशियम विस्तवाला भडकन पेटतं, मिश्रणात कॅल्शियम होतं म्हणूनच दांड्याने पेट घेतला नाही, हे वृषालीच्या मनात आलं. पण तिला जास्त लागलं ते दुसरंच. घाई नाही केली, तो म्हणाला होता. ज्या धातूचा सारा जीव घाईत होता, त्याला त्याने आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं दिलं होतं, धीर.

ती पाखराकडे बघत राहिली. वारा पडलेला होता. पाणी तेलासारखं स्थिर. आत्याचं वजन ते किती, आणि वाट तरी केवढीशी. अर्धी ताकद उरली असली तरी कदाचित निभेल. तिने मनात हिशेब मांडला, आणि तो जवळजवळ जुळला. त्या जवळजवळपाशी ती बराच वेळ उभी राहिली. नाही म्हणावं तर या माणसाने इतक्या दिवसांनी पुढे केलेला हात झिडकारल्यासारखं होईल. त्यातून तो पुन्हा कधी हात पुढे करणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आत्याची मुदत तर होतीच.

तिने काडी त्याच्यापुढे धरली.

"तुमचे कान माझ्याहून चांगले. इंजिनाचा खोकला तुम्हाला पल्याडच्या काठावरून कळतो. वाजवून बघा."

हणमंताने काडी घेतली. डावा दांडा वाजवला, मान कलती करून ऐकलं. उजवा वाजवला. मग पुन्हा डावा. त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"मेलं का ते?" त्याने विचारलं.

"नाही. म्हातारं झालं."

"कोण म्हातारं झालं?" मागून आत्या म्हणाली. तिने एका कानातला कापूस काढला होता. "माझ्याबद्दल बोलायचं तर पुढं येऊन बोला."

"दांड्याबद्दल चाललंय, आत्या," वृषाली म्हणाली. तिने बैठकीपाशी जाऊन पट्टा सैल केला आणि आत्याचा हात हातात घेतला. मग दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने सांगू लागली. "यातले अणू आम्ही घाईघाईने गोठवलेले असतात. जो जिथे, तिथेच थांबलेला. सगळे मिसळलेले, म्हणून तो घट्ट. पण शेकलं की ते पुन्हा हलायला लागतात. जो वेळ आम्ही त्यांना दिला नव्हता, तो विस्तवाने दिला. मग ते आपापल्या माणसांकडे सरकत गेले, मोठाले घोळके झाले, आणि मधल्या शिवा कच्च्या पडल्या. वरून काही दिसत नाही. भार आला की शिवेवर तुटेल."

आत्याने विचार केला. "म्हंजे आपापल्या घरी गेले म्हण की."

"हो."

"मग त्यांचं चुकलं काय?"

वृषालीने तिच्या दुसऱ्या कानातला कापूस काढला.

हणमंत काडी हातात फिरवत होता. "मी तर आत्याला बसवून मोकळा झालो होतो," तो म्हणाला. "तुम्हा दोघींना मीच ढकलून दिलं असतं."

"मी नसतं का वाजवलं?"

"आणि गप्प बसून गेली असतीस तर?"

तिने नजर पाण्याकडे वळवली, आणि त्याला कळलं की तीही जवळजवळ गेलीच असती. त्याने तिच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी दोघं एकाच गोष्टीला भ्यायले होते.

"खाली उतर म्हणता काय मला?" आत्या म्हणाली. "हणम्या, नेसलेलं लुगडं वाया जाऊ द्यायचं न्हाय. तुझी होडी काय म्हशींनीच विकत घेतलीय?"

हणमंताने तिला पाखरातून उचललं. तिला काही वजनच नव्हतं. 'सोनजाई'च्या पुढच्या फळीवर त्याने घोंगडी अंथरली आणि वृषालीच्या आधाराने तिला बसवलं. वृषाली त्या लाँचमध्ये जवळजवळ वर्षाने चढत होती. इंजिन खोकलं, सुरू झालं. धक्का मागे सरला.

मधोमध आल्यावर हणमंताने इंजिन बंद केलं. लाँच आपल्याच लाटेवर जराशी डुलली आणि थांबली. पाण्यात आभाळ होतं, आणि आभाळाखेरीज काही नव्हतं. आत्या काठावरून वाकून बघत राहिली. वृषालीचं मन खट्टू झालं. वरून दिसणाऱ्या त्या पांढरट रेघा, ती वाट, इथून काहीच दिसत नव्हतं.

"दिसत नाही ना, आत्या?"

"खाली कशाला बघाया पायजे." आत्याने मान वर केली होती. ती डोंगरांकडे बघत होती. "जरा पुढं घे, हणम्या. अजून. म्हसोबाच्या खिंडीत नाकाड्या दिसंल, तिथं थांब."

नाकाड्या हा लांबचा डोंगर, आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडासारखा. लाँचवाले अशाच खुणा जुळवून पाण्यातल्या जागा ओळखत. हणमंताने वल्हवत लाँच पुढे नेली. खिंडीमागून नाकाड्या हळूहळू सरकत आला आणि बरोबर मधे येऊन बसला.

"हेच," आत्या म्हणाली. "हे आमचं अंगण. इथं बसून मी भाकरी खायाची, तवा समोर ह्यो असायचा." मग तिने कपाळाला आडवा हात लावला. "पण हे काय? अंगणातनं खिंडीत निस्तं नाक दिसायचं त्याचं. बाकी समदं डोंगराआड. आता त्वांड दिसतंय, हनुवट दिसतीय, मानसुद्धा. उठून बसला का काय त्यो?"

हणमंत हसला. "तो नाही उठला, आत्या. आपणच वर आलोय. अंगण पार खाली राहिलं. आपण अंगणाच्या वर आहोत."

"किती वर?"

"दारातल्या उंबराच्या कितीतरी वर. घार असते ना, तेवढं."

आत्या फळीवरून वाकली. तिने पाण्यावर हात ठेवला, पाखराच्या पाठीवर ठेवावा तसा. पाण्यातलं आभाळ तिच्या बोटांभोवती हललं. लाँच डुलत होती, खाली दार होतं, चौथरा होता, वाट होती, आणि त्या सगळ्यावरून अट्ठ्याऐंशी वर्षांची ती पोर तरंगत होती.

"म्हंजे मी उडतीयच की," ती म्हणाली. आणि काही वेळाने, "हणम्या, तू इतकी वर्सं आमच्या गावावरनं उडत व्हतास, आणि मला कधी सांगितलं न्हाईस?"

हणमंताने तोंड फिरवून सुकाणू धरलं. वृषाली उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. परतायची घाई कोणालाच नव्हती.

हौसाआत्या त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर गेली. पाणी तेव्हा काठोकाठ होतं. ती शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिली की ती उडून आली, आणि ती पाखरातून उडाली अशीच सगळ्यांची समजूत राहिली. घरात कोणी ती दुरुस्त केली नाही.

नवा दांडा आला, पाखरू पुन्हा उडालं. पुढे त्याहून चांगली पाखरं आली, काठाकाठाने पूलही झाला. हणमंत कारखान्यात येऊ लागला. सुरुवातीला नुसता चाक बघायला, मग ऐकायला. पुढची कित्येक वर्षं तिथून निघालेली प्रत्येक नळी त्याच्या कानाखालून गेल्याशिवाय बाहेर पडली नाही. निखारा मात्र त्याने बांबूपुरताच ठेवला. 'सोनजाई' त्याने मोडीत काढली नाही. म्हशी होत्याच. आणि उन्हाळ्यात, पाणी उतरलं की, जुन्या गावची माणसं लांबलांबून येऊ लागली. त्यांना तो ज्याच्या त्याच्या अंगणावर नेऊन थांबवी. हनुवटी दाखवी.

वृषाली आता ऐंशीला आली आहे. हणमंत तिच्या आधी गेला. चाक सातारच्या संग्रहालयात आहे, तिथे ते फिरत नाही.

शेकलेला तो दांडा हणमंताने कापून त्याचा तुकडा धक्क्यावर टांगला होता, लाँच सुटायची वर्दी द्यायला. अजून तो तिथे आहे. पोरं येताजाता वाजवतात, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, आजी, हा असा पटकन गप्प का होतो?

"तो घरी पोचलेला आहे," ती सांगते.